ऑनलाइन मराठी क्लासला ६-८ वर्षांच्या पोरांना काय टास्क देता? सुचवा की

टिळकवाडीकरीण: शनिवारी झूमवर पाच पोरांना मराठी शिकवते. दोघं बेंगळूरची, एक हुबळीचा, बाकी इथलीच, बेळगावातली, इंग्लिश मीडियमची. आज्जीचं बोलणं कळतंय सगळं पण स्वतः बोलायचं म्हटलं की कन्नड नाहीतर इंग्लिश. चित्र दाखवून 'हे काय?' विचारलं की 'आंबा' म्हणतात, संपलं. पंधरा मिनटांत कॅमेरा बंद.

खानापूरकर: ताई, आंबा तुम्हालाबी दिसतोय, त्यालाबी दिसतोय, मग तो सांगेल कशाला? मी दोघांच्या आयांना व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळं चित्र पाठवतो, बाजाराचंच, एकात मांजर टोपलीत, दुसऱ्यात टोपलीखाली, असे पाच फरक, आणि चित्र कॅमेऱ्याला दाखवायचं नाही, बोलूनच शोधायचे. परवा एकजण ओरडला, "अगं आत नाही गं, टोपलीच्या खाली!" हे 'च्या खाली' मी महिनाभर घोकून घेत होतो. याला इन्फर्मेशन गॅप म्हणतात. आपल्याच कर्नाटकात एन. एस. प्रभू या इंग्रजी शिकवण्यातल्या तज्ज्ञांनी १९७९ ला बंगलोर प्रोजेक्ट सुरू केला तेव्हा शाळेतल्या पोरांना नकाशे, रेल्वेचं टाइमटेबल असलं काम देऊन इंग्रजी शिकवलेलं, व्याकरण आधी सांगत बसले नाहीत.

निपाणीची_मावशी: सहा वर्षाच्याला पाच फरक जास्त होतात, तीन बास. आणि आधी त्यांना खुर्चीवरनं उठवा. स्वयंपाकघरातनं एक वस्तू आणून पाठीमागं लपवायची, बाकीच्यांनी ओळखायची, पण तो, ती की ते एवढंच आधी सांगायचं. "ती आहे. पितळेची आहे." मग वाटी की पळी यावर भांडतात बघा. कन्नडमधे निर्जीव वस्तू सगळ्या 'अदु', म्हणून आपली पोरं चमच्यालाबी 'ते' म्हणतात, तिथं हा खेळ लागू पडतो. चूक झाली तर थांबवू नका हं, 'चमचा ठेवली' म्हणालं की आपण सहज "कुठं ठेवला?" विचारायचं.

टिळकवाडीकरीण: भारी! पण एका आईचं म्हणणं शुद्धच शिकवा, आज्जीचं 'काय करूलालास' (म्हणजे 'काय करतोयस') नको.

निपाणीची_मावशी: मग आज्जीशी बोलायचं कुणी, त्या आईनं?

खानापूरकर: 😂 दोन्ही चालतंय की. आज्जीला फोन करून एक गोष्ट विचारून या म्हणा, पुढच्या शनिवारी सांगायची, ज्या शब्दात ऐकली त्याच शब्दात.

टिळकवाडीकरीण: या शनिवारी बाजाराचंच करते. कुणाकडं चित्र तयार असलं तर पाठवा बाबा, मी काढलेलं मांजर बघून पोरं म्हशीचं नाव सांगतील.