कृष्णवर्णीय अप्रेंटिस मुलांसाठी वेगळा गट हवा का? (इंग्लंड, बांधकाम आणि इलेक्ट्रिकल)

टेम्सकाठ (धागाकर्ता)

इंग्लंडमध्ये बांधकाम आणि इलेक्ट्रिकलच्या कामात असलेले बरेच मराठी लोक इथे वाचतात. कोणी साइट मॅनेजर आहे, कोणी डिझाइनला, कोणी कॉलेजात शिकवतं. म्हणून हा विषय इथे मांडतोय.

१६ ते २४ वयाची कृष्णवर्णीय मुलं अप्रेंटिस म्हणून साइटवर येतात, तेव्हा बहुतेक वेळा आठ-दहा जणांच्या टोळीत ती एकटीच असतात. या धंद्यात शिरकाव अजूनही बाप, काका, मेव्हणा यांच्या ओळखीने होतो. ज्याला अशी ओळख नाही, तो पहिल्या दिवसापासून बाहेरचा. माझं म्हणणं असं की या मुलांचा स्वतंत्र गट हवा आणि तो कंपनीच्या बाहेर हवा.

कारण सांगतो. इलेक्ट्रिशियनचा लेव्हल ३ चा अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा. शेवटी एएम२एस ही दोन-तीन दिवस चालणारी प्रात्यक्षिक परीक्षा असते. तिला बसण्याआधी पोर्टफोलिओ पूर्ण लागतो: कंड्युट, ट्रंकिंग, केबल ट्रे (वायरी नेण्याच्या नळ्या, पेट्या, तबकं), टर्मिनेशन (वायरीची टोकं जोडणं), सुरक्षित आयसोलेशन (वीज तोडून खात्री करणं), टेस्टिंग, प्रत्येकाचा पुरावा खऱ्या साइटवरचा. आता एखाद्याला दीड वर्ष भिंतीत खाचा मारणं, केबल ओढणं आणि ड्रम वाहणं एवढंच दिलं, तर टेस्टिंगचं पान कोरं राहतं. कोणी शिवी दिलेली नसते, तक्रारीत लिहावं असं काही घडलेलं नसतं. फोरमन टेस्टर आपल्या ओळखीच्या पोराच्या हातात देतो आणि झाडू याच्या, एवढंच. चौथ्या वर्षी लक्षात येतं की परीक्षा पुढे ढकलावी लागणार, म्हणजे पुऱ्या पगाराला तितका उशीर.

यावर गट काय करू शकतो? दर शुक्रवारी वहीत चार रकाने भरायचे: काय काम केलं, किती तास, देखरेख कोणाची, फोटो आहे का. दर आठ आठवड्यांनी वह्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. एकट्याच्या वहीला लोक कुरकुर म्हणतात. सात वह्यांत टेस्टिंगचा रकाना रिकामा दिसला, तर कॉलेजच्या अ‍ॅसेसरला (कामाची पडताळणी करणाऱ्याला) ते बघावंच लागतं. साधारण दर बारा आठवड्यांनी मालक, कॉलेज आणि अप्रेंटिस यांची आढावा बैठक होते. वही तिथे टेबलावर ठेवायची आणि पुढच्या बारा आठवड्यांत टेस्टिंगचे किती दिवस मिळणार, हे लिहून घ्यायचं.

गट ८ ते १२ जणांचा असावा, चार-पाच वेगवेगळ्या मालकांकडचा. ज्या दिवशी सगळे कॉलेजात येतात त्याच दिवशी, तास संपल्यावर दीड तास भेटायचं. वेगळा दिवस ठेवला की पोरं येत नाहीत, कारण साइट सकाळी साडेसातला सुरू होते. गरम जेवण हवंच.

अशोकवन

वहीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वेगळ्या गटाचा अजिबात नाही.

पहिलं म्हणजे संख्या. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये कृष्णवर्णीय लोक ४ टक्के होते, लंडनमध्ये १३.५ टक्के. लंडन, बर्मिंगहॅम अशी मोजकी शहरं सोडली, तर कॉलेजच्या एका तुकडीत एखाद-दुसराच सापडेल. दोघांचा गट कसला? त्या दोघांवर सगळ्यांचे डोळे मात्र लागतात.

दुसरं, आधी पैसा बघा. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात अप्रेंटिसचा किमान दर तासाला ७.५५ पौंड होता. वय १९ पेक्षा कमी असेल किंवा अप्रेंटिसशिपचं पहिलं वर्ष चालू असेल, तर फक्त अप्रेंटिसचा दर देणं कायद्याने चालतं. त्या वर्षीच्या दराने आठवड्याला ३७ तास धरा, २७९ पौंड होतात. २२ वर्षांच्या मुलाचं पहिलं वर्ष संपलं की त्याला २१ वर्षं आणि त्यावरच्यांचा दर (त्या वर्षी १२.२१ पौंड) मिळायला हवा. घोडं इथेच पेंड खातं: पगारपत्रक बनवणाऱ्याकडे ती तारीख नोंदलेलीच नसते आणि जुना दर महिनोन्‌महिने चालू राहतो. कॉलेजचा दिवस पगारी असतो, दिवसात एका साइटवरून दुसरीकडे जाण्याचा वेळही पगारी असतो. हेही कापलं जातं.

वर चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठी पालकांना मिळणारा सरकारी भत्ता). मुलगा सोळाव्या वर्षी शाळेतच पुढे शिकला तर आईला तो मिळत राहतो. इंग्लंडमध्ये पगारी अप्रेंटिसशिप धरली की बंद होतो. घरभाडं भरताना जिथे आधीच ओढाताण आहे, तिथे पोराचं अप्रेंटिस होणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हे हल शहरातल्या गोऱ्या मुलालाही लागू आहे आणि लंडनमधल्या पेकमच्या कृष्णवर्णीय मुलालाही. सगळ्यांचा एकच गट करा, पगाराच्या पावत्या एकत्र तपासा. ताकद संख्येत असते.

सुतारपक्षी

अशोकवन, पावत्यांबद्दल वाद नाही. पण सर्वांच्या गटात काही गोष्टी कधी बोलल्याच जात नाहीत. दोन सांगतो.

धुळीचा मास्क. काँक्रीट किंवा विटेत खाच मारली की सिलिकाची धूळ उडते, म्हणून एफएफपी३ (बारीक धूळ गाळणारा) मास्क देतात. तो चेहऱ्याला घट्ट बसणारा असल्याने फेस-फिट चाचणी (कडेने हवा गळते का, हे बघणारी) लागते आणि मास्कची कड जिथे टेकते तिथे दाढी गुळगुळीत लागते. कुरळ्या केसांच्या पुरुषांना रोज जवळून दाढी केली की कापलेला केस वळून पुन्हा कातडीत घुसतो. फोड येतात, पू होतो, डाग राहतात. कृष्णवर्णीय पुरुषांत हा त्रास फार जास्त आढळतो. मग पोरगा दोन दिवस दाढी करत नाही, चाचणीत नापास होतो आणि फोरमनच्या दृष्टीने 'आळशी' ठरतो. नाहीतर मास्क ढिला ठेवूनच काम करतो आणि धूळ फुफ्फुसात घेतो.

उपाय आहे. डोक्यावरून घ्यायचं, पंख्याने हवा देणारं सैल हूड. त्याला फेस-फिट लागत नाही, दाढी चालते. टीएच२ दर्जाच्या हूडचा संरक्षण गुणांक (आकडा मोठा तितकं संरक्षण जास्त) २०, म्हणजे एफएफपी३ एवढाच. टीएच३ चा ४०. फेकून द्यायच्या मास्कच्या मानाने ते खूपच महाग असतं, म्हणून मागितल्याशिवाय कोणी देत नाही. सतरा वर्षांचा मुलगा तेरा गोऱ्या माणसांसमोर आपल्या कातडीचा त्रास सांगून महागडी वस्तू मागेल का?

दुसरं हेल्मेट. वेण्या, ड्रेडलॉक्स किंवा दाट केस डोक्याच्या मध्यावर बांधले, तर कवच आणि आतली पट्टी यांच्यातली मोकळी जागा भरून जाते. वरून काही पडलं की धक्का थेट डोक्यात. केस मानेपाशी, पट्टीच्या खाली बांधायचे, आतला पाळणा (डोक्यावर टेकणारी पट्ट्यांची जाळी) सर्वांत खोल खाचेवर लावायचा, हनुवटीचा पट्टा वापरायचा. तरी बसत नसेल तर दुसऱ्या बनावटीचं हेल्मेट मागायचं. हेल्मेट न घालण्याची कायदेशीर सूट पगडी घालणाऱ्या शिखांना आहे, ड्रेडलॉक्सवाल्यांना नाही, हेही पोरांना स्पष्ट सांगावं लागतं. या गोष्टी सांगायला त्याच केसांचा, त्याच कातडीचा मोठा माणूस समोर लागतो.

कलमवाला

कायद्याची बाजू, कारण चांगल्या हेतूने सुरू केलेले गट इथेच अडकतात.

२०१० च्या समानता कायद्याचं कलम १५८ सांगतं: एखाद्या गटाला तोटा होतोय किंवा त्याचा सहभाग फार कमी आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर प्रमाणात राहून त्यासाठी वेगळी मदत देता येते. शिकवणी, मार्गदर्शक, बैठका हे सगळं त्यात बसतं. नोकरी देताना मात्र निव्वळ वंशावरून निवड करता येत नाही; कलम १५९ फक्त दोन उमेदवार सारख्याच पात्रतेचे असताना लागू होतं.

आता खाचखळगा. नियम आणि निवडप्रक्रिया असलेली, किमान २५ सभासदांची संस्था कायद्याच्या भाषेत 'असोसिएशन' ठरते. अशा संस्थेला समान ओळख असलेल्या लोकांपुरतं सभासदत्व ठेवायची मुभा आहे, पण वंशाच्या बाबतीत त्या मुभेतून कातडीचा रंग स्पष्टपणे वगळला आहे. म्हणून गटाच्या नियमावलीत 'फक्त कृष्णवर्णीयांसाठी' असं लिहू नका. 'कृष्णवर्णीय अप्रेंटिसांच्या अडचणींवर काम करणारा गट, ज्याला यात हातभार लावायचा आहे त्याला खुला' असं लिहा.

आणि तारखा. छळाची किंवा भेदभावाची केस एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे (नोकरीच्या वादांच्या न्यायाधिकरणाकडे) न्यायची मुदत सध्या घटनेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी आहे, त्याआधी एकासकडे (मालक-कामगार वाद मिटवणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे) समेटाचा अर्ज करावाच लागतो. गटाच्या आठ आठवड्यांच्या भेटीची वाट बघत बसलं, तर निम्म्याहून जास्त मुदत तिथेच संपते. गंभीर घटना त्याच दिवशी लिहून काढायची: वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं.

रेडिंगकर

एक गोष्ट आपण मराठी लोकांनी ऐकून घ्यायला हवी. कंपन्या 'वांशिक अल्पसंख्य' असा एकच आकडा छापतात. ऑफिसात आपण भारतीय लोक बसलेले असतो, त्यामुळे तो आकडा चांगला दिसतो. त्याच कंपनीच्या साइटवर एकही कृष्णवर्णीय वायरमन नसला, तरी तक्त्यात ते कुठेच उमटत नाही. सगळ्यांना एका खोक्यात घालणारा 'बेम' (BAME: कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर वांशिक अल्पसंख्य) हा शब्द सरकारने सोडला, पण सवय गेलेली नाही. आपल्यापैकी जे मॅनेजर आहेत त्यांनी आकडे तीन ठिकाणी तोडून मागावेत: वंशगट, ऑफिस की साइट, आणि अर्ज-निवड-पूर्तता. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. किती मुलं घेतली हे सगळे सांगतात, किती पूर्ण करून बाहेर पडली हे कोणी सांगत नाही.

धागाकर्त्याशी एक मतभेद आहे. कंपनीच्या बाहेर म्हणजे युनियनकडे, असं अनेक जण गृहीत धरतात. १९६३ चं ब्रिस्टल आठवा. तिथल्या बस कंपनीत वेस्ट इंडियन आणि आशियाई लोकांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हते, आणि तशा बंदीचा ठराव युनियनच्या स्थानिक शाखेनेच १९५५ मध्ये केला होता. पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या वेस्ट इंडियन साथीदारांनी शहरभर बसवर बहिष्कार घडवला तेव्हा २८ ऑगस्टला कंपनी नमली. आणि सप्टेंबरमध्ये पहिला बिगरगोरा कंडक्टर म्हणून रुजू झाला तो रघबीर सिंग, एक शीख. दार त्यांनी उघडलं, पहिलं पाऊल आपल्या माणसाचं पडलं. ते ऋण आहे असं मी मानतो. युनियनचा सभासद व्हावंच, पण गटाची सूत्रं मुलांच्याच हातात असावीत.

अशोकवन

मास्कचा मुद्दा मला नवा होता आणि तो पटला. तरी मूळ आक्षेप राहतो: वेगळं ठेवलं की वेगळंच राहतं. आपल्याकडे हा वाद होऊन गेलाय. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. मला साताऱ्याचा रस्ता जवळचा वाटतो.

शिवाय गट चालवणार कोण? त्या भागातला एकुलता एक कृष्णवर्णीय इलेक्ट्रिशियन. सहा मुलांना तोच मार्गदर्शक, शाळेत भाषणाला तोच, ऑक्टोबरमध्ये ब्लॅक हिस्टरी मंथ आला की फोटोलाही तोच. वर्षभरात माणूस थकतो आणि गट विरतो. मार्गदर्शकाला त्याच्या मालकाने महिन्याला किमान चार तास पगारी द्यावेत, एका माणसाकडे दोनच मुलं असावीत. एवढं कबूल होत नसेल तर सुरूच करू नका.

आणि खरी गळती कुठे होते तेही सांगतो. मोठ्या प्रकल्पाला परवानगी देताना नगरपालिका बिल्डरसोबतच्या कलम १०६ च्या करारात स्थानिक अप्रेंटिस घ्यायची अट घालते. प्रकल्प १८ महिन्यांचा, अप्रेंटिसशिप चार वर्षांची. इमारत उभी राहिली की उपकंत्राटदार निघून जातो आणि मुलगा अर्ध्यात लटकतो. याला गट नव्हे, कराराचं वाक्य लागतं: 'किती घेतले' याऐवजी 'किती पूर्ण झाले किंवा पुढच्या मालकाकडे सोपवले'. फ्लेक्सी-जॉब एजन्सीकडून घेतलं तर नोकरी एजन्सीकडे राहते आणि साइट बदलली तरी करार तुटत नाही.

टेम्सकाठ

मार्गदर्शकाचे पगारी तास आणि दोनच मुलं, हे मान्य. माझ्या आराखड्यात ते राहून गेलं होतं. 'पूर्ण झाले' ही अटही मान्य.

पण कोल्हापूर आणि सातारा यांना समोरासमोर उभं करणं पटत नाही. ज्याला राहायलाच जागा मिळत नव्हती त्याला आधी छप्पर मिळालं, पंगत त्यानंतरची. इथेही दोन्ही करता येतं. कॉलेजच्या दिवशी पहिली ४५ मिनिटं फक्त कृष्णवर्णीय मुलं त्यांच्या मोठ्यांसोबत बसतील: केस, मास्क, आईला काय सांगायचं, फोरमन काय बोलला. मग जेवण, आणि जेवणापासून पुढे सगळे अप्रेंटिस एकत्र: पगाराच्या पावत्या, वह्या, एएम२एसचा सराव. कलमवालांनी सांगितलेली मुदत लक्षात घेऊन गंभीर घटनांसाठी एक फोन नंबर वेगळा, आठ आठवड्यांची वाट न बघता.

अशोकवन

या रचनेला माझा विरोध नाही, जेवण मधोमध असेल तर. कंब्रियासारख्या भागात मात्र तुमची पहिली ४५ मिनिटं एकाच मुलाची असतील. त्याचं काय?

सुतारपक्षी

त्याला जोडीदार द्यायचा. त्याच ट्रेडचा, एक वर्ष पुढचा, दुसऱ्या शहरातला कृष्णवर्णीय अप्रेंटिस. दर गुरुवारी संध्याकाळी २० मिनिटं व्हिडिओ कॉल. गुरुवार यासाठी की शुक्रवारची वही भरायच्या आधी बोलणं होतं आणि टेस्टिंग राहिलं असेल तर मागायला एक दिवस हातात उरतो. पहिल्या कॉलला हेल्मेट सोबत ठेवायला सांगा. आतला पाळणा कितव्या खाचेवर आहे, केस कुठे बांधलेत, हे कॅमेऱ्यासमोर धरलं की लगेच दिसतं.