मदत हवी आहे: फीत लागली, सेक्शनही दिली, पगार तोच. यांनी हो म्हणावं का?

दिघीची_सून:
नमस्कार. इथे बरेच माजी सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं आहेत, म्हणून लिहितेय. युनिटचं नाव किंवा ठिकाण लिहिणार नाही, कृपया कोणी विचारू नका.

माझे मिस्टर इंजिनिअर्समध्ये आहेत. ट्रेनिंग इथेच खडकीला झालं. नोकरीला सात वर्षं झाली, म्हणजे अग्निपथच्या आधीची भरती. सध्या फील्डला आहेत, जिथे कुटुंब नेता येत नाही. मी आणि आमची मुलगी दिघीला भाड्याच्या खोलीत राहतो, मी विश्रांतवाडीत एका दवाखान्यात रिसेप्शनला काम करते.

मध्यंतरी यांना लान्स नायकची फीत लागली. सासऱ्यांनी गावात पेढे वाटले. लान्स नायक ही नेमणूक असते, पगार शिपायाचाच, लेव्हल ३, हे आम्हाला माहीत होतं आणि त्याबद्दल काही तक्रार नाही. पण आता सेक्शनचे, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीचे, हवालदार कोर्सला गेलेत, नायकांची पोस्टिंग झाली आणि बदली माणूस आलेला नाही. सुभेदार साहेबांनी यांना सांगितलं की सेक्शन तू सांभाळ, आणि पुढच्या प्रमोशन कॅडरसाठी (प्रमोशनआधीच्या कोर्ससाठी) तुझं नाव पाठवायचंय, विचार करून सांग.

तेव्हापासून फोनवर आवाजच वेगळा येतो. सकाळच्या फॉल-इनपासून रात्रीच्या गार्डपर्यंत नफरी, म्हणजे हजर माणसांची मोजणी, यांनी द्यायची, हत्यारं जमा झाली की नाही ते यांनी बघायचं, सामानाचा हिशेब यांच्याकडे. इंजिनिअर्सचं काम म्हणजे सुरुंग, स्फोटकं, पूल, पाण्यातल्या बोटी. सेक्शनमधली दोन मुलं यांच्याच बॅचची आहेत. त्यातल्या एकाला वाटतं की फीत त्याला लागायला हवी होती, आणि तो यांचं ऐकत नाही. पूर्वी फोन आला की मुलीशी आधी बोलायचे, आता आधी थोडा वेळ गप्पच असतात.

घरात दोन मतं आहेत. माझा भाऊ चाकणला कंपनीत आहे. तो म्हणतो, लेटर हातात पडल्याशिवाय जबाबदारी अंगावर घ्यायची नाही, त्याच्या कंपनीत वर्षभर काम करून घेतात आणि सुपरवायझर भलत्यालाच करतात. सासरे म्हणतात, साहेबांनी स्वतःहून नाव काढलंय, नाही म्हणू नकोस. मिस्टरांच्या मनात मात्र तिसरंच आहे. कॅडरला अनविलिंग, म्हणजे जायची इच्छा नाही असं, लिहून द्यायचं, पंधरा वर्षं झाली की पेन्शन घेऊन घरी यायचं. प्रमोशन घेतलं तर नोकरीची वर्षं वाढतील आणि तोवर मुलगी मोठी झालेली असेल, असं त्यांचं म्हणणं.

मला हे समजून घ्यायचंय की या कामाचा पैसा कधीतरी मिळतो का, सेक्शनमधल्या कुणाच्या हातून काही चूक झाली किंवा कुणाला इजा झाली तर ते यांच्यावर येतं का, आणि अनविलिंग दिलं तर नक्की काय जातं. त्यांनी मला विचारलंय, "तू सांग." काही न समजता सांगायची माझी इच्छा नाही.

खडकीचा_सॅपर:
सूनबाई, मी खडकीच्या याच इंजिनिअर्स सेंटरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आधी एक गोष्ट वेगळी करून घे. तुझ्या पोस्टमध्ये दोन प्रश्न एकात मिसळलेत. "सेक्शन सांभाळ" हा हुकूम आहे. त्याला हो-नाही नसतं, तो पाळायचाच. हो-नाही विचारलंय ते कॅडरचं. त्यामुळे तुझ्या भावाचं म्हणणं कंपनीत कितीही बरोबर असलं तरी इथे लागू पडत नाही. पलटणीत जागा रिकामी झाली की शेजारचा माणूस ती भरतो, मग कागद येतात. लढाईत तर कागदाची वाट बघायला कुणी थांबतच नाही.

आपल्याच खडकीचं उदाहरण देतो. राम राघोबा राणे १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या आराकानमधून माघार घेताना महत्त्वाच्या गोष्टी उडवून देण्यासाठी दोन सेक्शन मागे ठेवल्या होत्या, त्या त्यांच्या हाताखाली होत्या. काम झाल्यावर नौदलाचं जहाज न्यायला येणार होतं, ते जमलं नाही. जपान्यांची गस्त असलेली नदी ओलांडून त्यांनी माणसं आणि सामान परत आणलं, आणि त्यानंतर त्यांना हवालदार केलं. म्हणजे काम आधी झालं, हवालदारकी नंतर आली. नौशेरा-राजौरी रस्त्यावरचं परमवीर चक्र १९४८ चं, तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते. पण मला विचारशील तर मी नव्या मुलांना त्या नदीचीच गोष्ट सांगायचो.

आता कुणाची चूक झाली तर काय, ते. सेक्शनमधल्या प्रत्येकाच्या प्रत्येक चुकीला कमांडर जबाबदार नसतो. इजा झाली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तिथे विचारतात की काम सुरू करण्याआधी ब्रीफिंग दिलं का, ड्रिल पाळलं का, सामान तपासलं का, कुणाला कुठे उभं केलं. ही उत्तरं पक्की असली की माणूस पक्का असतो. म्हणून त्याला सांग, सामानाचा चार्ज घेताना स्वतः मोजून घे आणि मगच सही कर. सुरुंग शोधायचा डिटेक्टर चालतो की नाही ते चालवून बघ. कमी असेल ते त्याच दिवशी लिहून दे. हवालदार कोर्सहून परत आल्यावर तोंडी हिशेब कुणी मानत नाही.

बॅचमेटचं दुखणं सगळ्यात मोठं, हे मी अनुभवाने सांगतो. त्याला चारचौघांत सुनावू नये. एकट्याला बाजूला घेऊन बोलावं आणि सेक्शनमधलं एक खरं काम त्याच्या भरवशावर सोपवावं, स्टोअर म्हण किंवा बोट म्हण. तरीही ऐकलं नाही तर सुभेदार साहेबांना सांगायचं, त्यात चहाडी काही नाही. आर्मी अ‍ॅक्ट १९५० मध्ये एनसीओच्या, म्हणजे नायक-हवालदारासारख्या हुद्देदाराच्या, व्याख्येत अ‍ॅक्टिंग दर्जाचा एनसीओही येतो. म्हणून त्याला अ‍ॅक्टिंग दर्जा दिलाय की नुसतं तोंडी सांगितलंय, हे त्याने कंपनी ऑफिसात विचारून घ्यावं, म्हणजे त्याच्या हुकमाला आधार किती ते कळेल.

चाकणकर:
मी भावाच्या बाजूने. काम घेता तर पैसे द्या, हे सगळीकडे सारखंच असायला हवं. फौजी माणूस बोलत नाही म्हणून त्याच्यावर लादायचं, हे पटत नाही.

पार्ट_टू_वाला:
मी क्लार्क ट्रेडमधून निवृत्त. पैशाचं मी सांगतो, कारण त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात शिपाई आणि लान्स नायक लेव्हल ३ मध्ये, सुरुवात २१,७००. नायक लेव्हल ४, सुरुवात २५,५००. हवालदार लेव्हल ५, सुरुवात २९,२००. आकडे पाहून वाटतं नायक झालं की जवळजवळ चार हजार वाढले. तसं होत नाही. सात वर्षांच्या माणसाचा मूळ पगार सात वार्षिक वाढी धरून २६,८०० असेल. नायक झाल्यावर आधी त्याच लेव्हलमध्ये एक वाढ, म्हणजे २७,६००. मग लेव्हल ४ मधला त्याच्या बरोबरीचा किंवा लगेच वरचा आकडा, म्हणजे २७,९००. एकूण फरक मूळ पगारात १,१०० आणि त्यावर महागाई भत्ता. मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० हे शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सारखंच. फील्डचे जोखमीचे भत्तेही लेव्हल ८ पर्यंत सगळ्यांना एकाच दराने. पुढचा आयोग लागू झाला की आकडे बदलतील, हिशेबाची रीत समजून घ्या.

आता एमएसीपी, म्हणजे ठरावीक वर्षांनी वरची पगाराची लेव्हल देणारी योजना. जवानाला ८, १६ आणि २४ वर्षांनी एकेक वरची लेव्हल मिळते, प्रमोशन मिळालेलं नसेल तरी. म्हणजे पुढच्या वर्षी, फीत नसलेल्या त्या बॅचमेटलाही लेव्हल ४ मिळू शकते. आणि तुमचे मिस्टर एमएसीपी घेऊन नंतर नायक झाले, तर त्या वेळी पगार पुन्हा वाढणार नाही, कारण लेव्हल तीच. सेक्शन चालवण्याचा मोबदला दरमहा वेगळा मोजून मिळेल ही अपेक्षाच ठेवू नका.

पण अनविलिंगचा कागद फार जपून. आठ वर्षं पूर्ण होण्याआधी नियमित प्रमोशन देऊ केलं आणि माणसाने ते नाकारलं, तर एमएसीपी अडते. नियमाचा अर्थ असा की तुम्ही संधीअभावी अडकलेला नव्हता. एमएसीपी आधी मिळाली आणि नंतर प्रमोशन नाकारलं, तर मिळालेली लेव्हल त्या कारणाने काढून घेत नाहीत. त्यांची आठ वर्षं व्हायला एकच वर्ष उरलंय. या घडीला कसल्याही कागदावर घाईने सही करू नये. कॅडरला न जाणं आणि प्रमोशन नाकारणं यात फरक कसा धरतात हे त्यांच्या युनिटच्या हेड क्लार्कला विचारावं, आणि उत्तर लेखी नियम बघूनच घ्यावं. दर्जात किंवा पगारात काहीही बदल झाला तर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटचा नोंदीचा आदेश, निघते. ती निघाल्याशिवाय पे अकाउंट्स ऑफिसला काहीच कळत नाही. तिचा नंबर लिहून ठेवायची सवय दोघांनीही लावा.

चाकणकरांना एवढंच सांगतो की लादल्यासारखं वाटणं मी समजू शकतो, पण १,१०० रुपयांसाठी कोणी सेक्शन चालवत नाही आणि तेवढ्यासाठी नाकारूही नये.

खडकीचा_सॅपर:
यात एक भर. पंधरा वर्षांना पेन्शन बसते हे खरं, पण ती शेवटच्या पगाराच्या निम्मी. पस्तिशीच्या आत-बाहेर घरी आलेला माणूस पुढे काय करतो ते आपल्या भागात बघ. माझ्या ओळखीचे किती तरी जण सोसायट्यांच्या गेटवर बारा तास उभे असतात. हवालदारापर्यंत गेला तर नोकरी २४ वर्षांपर्यंत जाते, आणि ती वर्षं मुलीच्या कॉलेजची असतात. लवकर घरी यायचं असेल तर जरूर यावं, पण मुलीसाठी यायचं की त्या बॅचमेटच्या त्रासाने यायचं हे त्याने स्वतःला विचारावं.

सासवडची_वहिनी:
ताई, पैशाचं आणि कायद्याचं या दोघांनी सांगितलं. मी माझ्या घरचं सांगते. यांना सेक्शन मिळाली तेव्हा मी फोनवर रोज विचारायचे, "झालं का काही नवीन?" त्यांना तो हिशेब वाटायचा. मग माझ्या सासूबाईंनी सांगितलं की आधी जेवलास का, झोपलास का एवढंच विचार, बाकीचं तो आपणहून बोलेल. तसंच झालं. गप्प असतात म्हणून घाबरू नका. दहा जणांची काळजी डोक्यात असली की माणूस घरच्या आवाजात यायला वेळ घेतो. आणि एक, "तू सांग" म्हणालेत तरी कॅडरचा निर्णय त्यांच्यावरच ठेवा. उद्या तिथे काही जड गेलं तर "तू म्हणालीस म्हणून" असं दोघांच्या मध्ये यायला नको. तुम्ही फक्त सांगा की आणखी काही वर्षं लांब राहावं लागलं तर मी इथे निभावू शकते की नाही. ते खरं सांगा. जमणार नसेल तर तेही सांगा.

दिघीची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. हुकूम आणि कॅडर वेगळं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. काल फोन आला तेव्हा पार्ट टू वाल्या काकांचा हिशेब वाचून दाखवला. ते बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले की अनविलिंगचा फॉर्म क्लार्ककडून आणून ठेवलाय, सही केलेली नाही. आता नियम बघितल्याशिवाय करणार नाहीत. स्टोअर पुन्हा मोजून घेतलं, दोन गोष्टी कमी निघाल्या, त्या लिहून दिल्या. ज्या मुलाचं मी लिहिलं होतं त्याला बोटींचं काम सोपवणार आहेत.

वहिनी, मी निभावू शकते असं त्यांना सांगितलं. सासूबाई दिवाळीनंतर इकडे येऊन राहायला तयार आहेत, म्हणून सांगू शकले.

सॅपर काका, एक विचारायचं राहिलं. कॅडरमध्ये मॅप रीडिंग असतं म्हणतात आणि त्याचीच यांना धास्ती आहे. सुट्टीवर येतील तेव्हा इथे खडकीत कुणी निवृत्त उस्ताद शिकवतात का?

खडकीचा_सॅपर:
सुट्टीवर आला की माझ्याकडेच पाठव. कंपास माझ्याकडे आहे, नकाशा वाचायला शिकवतो. रोज सकाळी दोन तास, आठवडाभर. पैसे विचारू नकोस. मला खासगी संदेश कर, पत्ता देतो.