मादी भोवत्या: पॅलिड की मॉन्टेग्यू? मदत हवी आहे

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर थंडीत आलेल्या एका मादी भोवत्याने, म्हणजे हॅरियर या शिकारी पक्ष्याने, डोकं खाल्लंय. पॅलिड आणि मॉन्टेग्यू या त्याच्या दोन जाती. नर सोपे: मॉन्टेग्यूच्या पंखावर वरून काळी पट्टी, पॅलिड फिकट आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर. तपकिरी मादीपाशी मात्र गाडी अडते. शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा दोघींनाही असतो. हिच्या छातीवर रेघा आहेत, म्हणजे यंदाचं पिल्लू नसावं.

पंखाखालची नक्षी बघा, असं सगळेच सांगतात. पण ती गवताला घासूनच उडते, खालची बाजू दिसणार कधी? ३०० एमएमच्या लेन्सने काढलेले फोटो सगळे वरून किंवा बाजूने आलेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या फोटोंशी ताडून पाहिले, गोंधळ वाढलाच. गवतात घुसून पक्ष्यांना उठवायचं नाही, त्यामुळे पायवाटेवरूनच जे दिसेल ते.

गाल गडद, त्यामागे फिकट कॉलर आणि त्याच्याही मागे गडद पट्टा, एवढं एका फोटोत स्पष्ट आहे. पंखाखालचा भाग न बघता तेवढ्यावर पॅलिड म्हणावं, की नोंद दोन्ही नावांनीच ठेवावी? आणि पंखाच्या वरच्या बाजूला नेमकं काय बघायचं?