मदत हवी आहे: लेव्होसेटिरिझिन सिरपमधला एस-आयसोमर पॅराबेनखाली दडतोय

लेव्होसेटिरिझिन (अ‍ॅलर्जीचं औषध, सेटिरिझिनचा आर-आयसोमर) सिरप 2.5 मिग्रॅ/5 मिली. त्यात अशुद्धी म्हणून येणारा एस-आयसोमर (त्याच रेणूची आरशातली प्रतिमा) कायरल एचपीएलसीने मोजतोय. 5 मिली नमुना, पीएच 5, डायक्लोरोमिथेनने निष्कर्षण, नायट्रोजनखाली पूर्ण कोरडा करून मोबाइल फेजमध्ये विरघळवतो. कोटेड अमायलोज कॉलम (आयसोमर वेगळे करणारा थर नुसता लेपलेला) असल्याने, लेप विरघळू नये म्हणून डायक्लोरोमिथेनचा थेंबही आत जाऊ देत नाही. मोबाइल फेज हेक्झेन-आयसोप्रोपॅनॉल 70:30, 0.1% टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल), मोजणी 230 नॅनोमीटरला.

प्लासिबोतही (औषध न घातलेलं सिरप) एस-आयसोमरच्याच जागी पीक येतो. तो मिथिलपॅराबेन या परिरक्षकाचा आहे. आयसोप्रोपॅनॉल 20 टक्क्यांवर आणलं तर दोन्ही सुटतात, पण मुख्य पीकला लांब शेपूट येतं आणि 0.5% एस त्यात बुडतो.

आधी पीएच 1.5 ला ईथरने धुऊन पॅराबेन काढावं का? तिथे सेटिरिझिन धनभारित, म्हणजे पाण्यातच राहायला हवं. कुणी हे केलं असेल तर रिकव्हरी किती मिळाली? की थेट सल्फेटेड बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (आयसोमर वेगळे करणारा घटक) वापरून कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस (बारीक नळीत विद्युतदाबाने वेगळं करणं) बरं?