लघुपटातील गोळीबाराचे दृश्य: ब्लँक काडतुसे वापरावीत का?

प्रश्न (दिग्दर्शक, पुणे):
आमच्या लघुपटात जुन्या वाड्यातील गोळीबाराचे एक दृश्य आहे. शस्त्रांचा जाणकार नेमण्याइतके पैसे नाहीत. मात्र एक पुरवठादार ब्लँक काडतुसे उडवणारे पिस्तूल भाड्याने देण्यास तयार आहे. रबरी पिस्तूल धरले की नटाचा हात खोटा दिसतो, असे आमच्या छायाचित्रकाराचे म्हणणे आहे. ब्लँकमध्ये गोळीच नसते, तर पुरेसे अंतर राखून ते वापरण्यास हरकत आहे का?

उत्तर 1:
हरकत आहे. गोळी नसली तरी दारू असतेच, आणि तिच्या स्फोटाने तप्त वायू व काडतुसाचे तोंड बंद करणारा बोळा नळीतून वेगाने बाहेर पडतो. 1984 मध्ये अमेरिकन नट जॉन-एरिक हेक्सम याने सेटवर गमतीने ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला आणि कवटीचा तुकडा मेंदूत घुसून काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. 1993 मध्ये 'द क्रो' या चित्रपटाच्या चित्रीकरणात नट ब्रँडन ली दगावला, तेव्हाही उडवलेले काडतूस ब्लँकच होते. परंतु आधीच्या दृश्यासाठी भरलेल्या दिखाऊ काडतुसाची (यात गोळी असते, पण दारू नसते) गोळी नळीत अडकून राहिली होती आणि ब्लँकच्या दाबाने तीच बाहेर फेकली गेली. दर वेळी नळी तपासणारा प्रशिक्षित माणूस नसेल, तर केवळ अंतर राखून भागत नाही.

उत्तर 2 (संकलक):
शिवाय त्या धोक्याच्या बदल्यात पडद्यावर फारसे काही मिळतही नाही. सेकंदाला 24 फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमला शटर 1/48 सेकंद उघडे असेल, तर निम्मा वेळ कॅमेरा काहीच टिपत नाही. त्यामुळे नळीतून निघणारा क्षणिक जाळ पुष्कळदा हुकतो किंवा अर्धवट उमटतो, आणि शेवटी तो संगणकावरच घालावा लागतो. त्यापेक्षा जाळ संकलनात एका-दोन फ्रेमपुरता घाला आणि चित्रीकरणात एखादा एलईडी दिवा नटाच्या चेहऱ्यावर व मागच्या भिंतीवर क्षणभर चमकवा. छायाचित्रकारांची तक्रार रास्त आहे, पण तिचे मूळ वजनात आहे: नळी पूर्ण बुजवलेली जड प्रतिकृती द्या आणि नटाकडून गोळी सुटताना हाताला बसणाऱ्या धक्क्याचा सराव करून घ्या.

उत्तर 3 (कार्यकारी निर्माता):
प्रतिकृती असली तरी तिची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी आणि त्याला त्या दिवशी दुसरे काम देऊ नये. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या चित्रपटाच्या तालमीत जिवंत काडतूस उडून छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. तेथे शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीकडे प्रॉप्सचीही (दृश्यात वापरायच्या वस्तूंची) कामे होती, आणि पुढे 2024 मध्ये तिला 18 महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडे काटकसर सुरू होते ती नेमकी अशाच दुहेरी कामांपासून.

चित्रीकरणापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी पत्र देऊन त्याची पोच सेटवर ठेवा, आणि वेशभूषेतील कोणालाही प्रतिकृतीसह वाड्याबाहेर जाऊ देऊ नका. 2019 मध्ये वसईत दहशतवाद्यांच्या वेशातील दोन सहकलाकार रस्त्यावर दिसल्याने घबराट पसरली आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले होते.