सिंक दाबू का कानाने शिकू?

नवा_पोट्टा: भाऊ लोकहो, 3 महिने झाले सेकंडहँड डीजे कंट्रोलर (गाणी मिक्स कराची मशीन) घेऊन पण बीटमॅच, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, काही जमून नाही राहिलं. ज्या दादासोबत लग्नात स्पीकर उचलाले जातो तो म्हणते स्क्रीनवर रुमाल टाक अन् कानाने शिक, मित्र म्हणते मंग मशीननेच जुळवाचं सिंक बटन कायले दिलं बे, दाब ना. मले कानानेच शिकाचं आहे, पण मिनिटाले 124 ठोक्यांचं गाणं 128 वर आणाले अर्धं गाणं निघून जाते.

लॉनवाला: दाब अन् मोकळा हो. वर्धा रोडच्या लॉनवर कोणी येऊन नाही विचारत का कानाने जुळवलं का मशीनने. 10 वाजता आवाज बंद करा लागते, त्याच्या आत मामाची फर्माईश, नवरदेवाच्या दोस्तायची फर्माईश, तिथं तू पिच फेडर (गाण्याचा वेग कमी-जास्त कराची पट्टी) घासत बसशील काय?

मात्रा_मोजणारा: नाही पटलं. सिंक लय जुळवतं, समेची खात्री नाही देत. दोन्ही गाणी 120 वर, पण एकाचा पहिला ठोका दुसऱ्याच्या तिसऱ्यावर पडला तर नाचणाऱ्याला कारण कळत नाही, पाय मात्र अडखळतो. अन् सॉफ्टवेअर सहसा चारचा हिशोब धरतं, त्यात 6 मात्रांचा दादरा टाकून पाहा, गंमत होते. जुनी गाणी तर हाताने वाजवलेली, मुखड्याला 104 असलं तर शेवटी 107, सुरुवातीला बसवलेली ग्रीड (सॉफ्टवेअरने ठोक्यांवर आखलेल्या रेघा) पुढे सरकतेच.

लॉनवाला: दादरा आला का मी सरळ गाणं कापतो अन् माईकवर नवरदेवाच्या बापाचं नाव घेतो, टाळ्यात सगळं झाकून जाते 😄 ग्रीड आदल्या दिवशी घरी दुरुस्त करता येते राजा.

मात्रा_मोजणारा: ती दुरुस्त करायला कानच लागतो ना भाऊ!

जुनी_कॅसेट: पोरा, यांचं भांडण चालू दे, तू दोन्ही डेकवर (मशीनच्या दोन्ही बाजूंना) एकच गाणं लाव, एकाचा पिच, म्हणजे वेग, थोडा हलव अन् स्क्रीन झाक. जुळलेलं असलं की एकच जाड ठोका येतो, सुटलं की दोघी बाया एका उखळात आळीपाळीने मुसळ मारतात तसं ऐकू येतं. मग जॉगला (हाताने फिरवायच्या चाकाला) हलका धक्का दे, पुन्हा सुटलं तर फेडर हलव, कारण धक्क्याने जागा सुधरते, वेग नाही. 1979 च्या टेक्निक्स टर्नटेबलवर (तबकडी वाजवायच्या मशीनवर) पिच 8 टक्के वर-खालीच जायचा, तुझं 124 चं 128 म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के. अन् लॉनवर लांबच्या स्पीकरवर भरवसा नको, 34 मीटरवरून आवाज यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेवढ्यात घोळ होतो.

लॉनवाला: ताई, हे स्पीकरचं खरं आहे, मी एकदा फसलो होतो. बाकी सिंकवर मी ठाम.

नवा_पोट्टा: काल रात्री केलं, आईचा टॉवेल टाकून. मुसळं बरोबर ऐकू आले, पण कोणतं पुढं अन् कोणतं मागं तेच समजेना, उलटीकडे ढकललं का अजून फाटे, तेव्हा कुठं समजे. 40 मिनिटांत 2 वेळा जमलं. मंग आई आली, म्हणे एकच गाणं कितीक वेळ लावून राहिला बे, अन् टॉवेल घेऊन गेली.