लायब्ररी आणि लिब्रेरी एकच का?

मोगरा: फ्रान्समध्ये लियोंला येऊन तीन आठवडे झालेत. काल 'लिब्रेरी' अशी पाटी दिसली म्हणून आत शिरले, अर्धा तास एक कादंबरी वाचली आणि निघताना सभासद कसं व्हायचं ते विचारलं. काउंटरवरच्या आजी म्हणाल्या, "अगं, हे दुकान आहे. तुला बिब्लिओतेक हवं." मग इंग्रजीतली लायब्ररी आली कुठून?

जुनी_वही: फ्रेंचमधूनच, १४व्या शतकात. तेव्हा तिथेही लिब्रेरी म्हणजे ग्रंथसंग्रहच. पाचव्या चार्ल्स राजाची पुस्तकं १३६८च्या सुमारास पॅरिसच्या लूव्र किल्ल्याच्या बुरुजात नेली, त्यालाही हेच नाव. १६व्या शतकात फ्रेंच निबंधकार माँतेन्य आपल्या मनोऱ्यातल्या पुस्तकांच्या खोलीला लिब्रेरीच म्हणतो. पुढे ग्रीक वळणाचं बिब्लिओतेक रुळलं आणि लिब्रेरी दुकानापुरती उरली. जुना अर्थ जपला तो इंग्रजीनं. मूळ शब्द लॅटिन 'लिबेर', म्हणजे पुस्तक, आणि त्याही आधी झाडाची आतली साल! आपलं भूर्जपत्र आठवतंय ना? मला हे फार आवडतं.

पायवाट: मग लिबर्टीपण यातलीच?

जुनी_वही: नाही. 'मुक्त' या अर्थाच्या लीबेरमधला 'ली' दीर्घ, पुस्तकातला ऱ्हस्व. दोन वेगळे शब्द. बदनामीच्या खटल्यातलं 'लायबल' मात्र इथलंच: लिबेल्लुस, छोटं पुस्तक.

मोगरा: साल! आणि आपण तर अजूनही पुस्तकाचं 'पान'च उलटतो. उद्या ती कादंबरी विकत आणते.